नाव कोणाचे, मैदान कोणाचे?

सुवर्णमहोत्सवाची सिद्धता सुरू झाली, त्याच सुमारास आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव आला. सभागृहाचे छत गळते, रंगमंचाच्या फळ्या कुजल्या आहेत, वीजव्यवस्था जुनी झाली आहे. हे सारे नवे करून देण्यास एक बांधकाम कंपनी तयार आहे. अट एवढीच, की सभागृहाच्या दर्शनी भागावर त्या कंपनीचे नाव असावे. बैठकीत साहजिकच दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, "नावाने काय बिघडते? आधी छत पाहा." दुसरा म्हणाला, "ज्यांनी दारोदार फिरून आठ-आठ आणे जमवून ही वास्तू उभी केली, त्यांच्या घामावर परक्याची पाटी कशी लावता?" चहा दोनदा झाला, पण निर्णय होईना. अखेर तो वार्षिक सर्वसाधारण सभेवर सोपवण्यात आला, आणि स्मरणिकेच्या संपादकांनी आम्हांस सांगितले, "तुम्ही इतिहासाचे बी. ए., शिवाय मैदानांचे वेडे. नावे कशी दिली जातात आणि कशी विकली जातात, याचा थोडा मागोवा घ्या, म्हणजे सभेला उपयोग होईल."

आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. तीस वर्षे सरकारी टिपणे लिहिण्यात गेलेला हा हात आहे. तथापि टिपण लिहिणाऱ्याला एक सवय जडते: कोणताही प्रस्ताव आला, की पूर्वीचा दाखला काय आहे, हे तो प्रथम पाहतो. दाखले पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले, की पैसा आणि नाव यांचा हा सौदा आजकालचा नव्हे.

दिल्लीपासूनच आरंभ करू. इंडिया गेटच्या पलीकडे जे भव्य क्रीडागार दिसते, ते १९३३ साली उभे राहिले. वास्तुशिल्पी होते रॉबर्ट टॉर रसेल, म्हणजे कॅनॉट प्लेस ज्यांनी रेखाटले तेच. पैसा दिला भावनगरच्या महाराजांनी. राजधानीला त्यांची ती देणगी होती. नाव मात्र पडले 'आयर्विन अॅम्फिथिएटर'. आयर्विन हे नुकतेच मायदेशी परतलेले व्हाइसरॉय. देणारा एक, नाव दुसऱ्याचे, आणि त्यात त्या काळी कोणाला वावगे वाटले नाही. कारण देणगीचे मोल प्रत्यक्ष नावात नसून सरकारदरबारी वाढणाऱ्या मानात होते. पुढे स्वातंत्र्य आले. १९५१ च्या मार्च महिन्यात पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा याच मैदानावर भरल्या आणि आयर्विनसाहेबांचे नाव जाऊन 'नॅशनल स्टेडियम' हे नाव आले. २००२ साली त्याला मेजर ध्यानचंद यांचे नाव जोडले गेले. तीन नावे झाली. पण भावनगरचे नाव त्या तिहींतही नाही. आज तेथे हॉकी पाहावयास जाणाऱ्या शंभरांपैकी एखाद्यालाच ते ठाऊक असेल.

त्याच १९३३ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था नोंदली गेली. तिचे नोंदणीकृत कार्यालय प्रथम नवी दिल्लीतच होते, हे पुष्कळ मुंबईकरांनाही माहीत नसते. संस्थेला मुंबईत मैदान हवे होते आणि जमीन होती सरकारच्या हाती, बॅकबेच्या भरावावर. संस्थेचे चिटणीस अँथनी डिमेलो हे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांस भेटावयास गेले. पुढची कथा क्रिकेटच्या जगात अनेकदा सांगितली गेली आहे. सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व, असा प्रश्न डिमेलो यांनी गव्हर्नरसाहेबांना केला म्हणतात. साहेबांनी अमरत्व पत्करले. सुमारे नव्वद हजार चौरस यार्ड जमीन यार्डाला साडेतेरा रुपये दराने मिळाली. ७ डिसेंबर १९३७ रोजी लॉर्ड टेनिसन यांच्या संघाविरुद्धच्या सामन्याने मैदान सुरू झाले, तेव्हा ब्रेबोर्न बंगालच्या गव्हर्नरपदी गेले होते. १९३९ साली त्यांचा अंत झाला. नाव मात्र आजही चर्चगेटजवळ उभे आहे.

'नावाचे हक्क' असा शब्दप्रयोग तेव्हा कोणी केला नव्हता. परंतु दुसरे ते काय होते? फरक एवढाच, की येथे नाव विकत घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून काही दिले नाही, सरकारच्या जमिनीचा भाव कमी केला. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसाला हा फरक लहान वाटत नाही.

ब्रेबोर्नपासून हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम आहे. एवढ्या जवळ दुसरे मैदान का बांधावे लागले, याचे उत्तर जागांच्या वाटपात आहे. ब्रेबोर्नवर कसोटी सामना भरला, की मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या वाट्याला किती आसने यावीत, यावरून क्लब आणि असोसिएशन यांच्यात वर्षानुवर्षे वाद होता. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे राजकारणातले वजनदार गृहस्थ. आपले स्वतःचे मैदान बांधू, असा निश्चय त्यांनी केला आणि शशी प्रभू या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार सुमारे तेरा महिन्यांत ते उभे करून दाखविले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी तेथे झाली. येथे नाव पडले ते उभारणीचा भार वाहणाऱ्याचे. पैसेवाल्यांचे स्थान आत, प्रेक्षागाराच्या भागांत राहिले. गरवारे पॅव्हिलियन किंवा टाटा एन्ड हे शब्द आकाशवाणीवरील समालोचनातून आम्ही लहानपणी इतके ऐकले, की ती उद्योगपतींची नावे आहेत, हे पुष्कळ दिवस ध्यानातच आले नव्हते. ही व्यवस्था आम्हांस समंजस वाटते. घराचे नाव निराळे राहिले आणि दात्याचा मानही राहिला.

मैदानाचे नाव ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक रकमेला, करार करून देण्याची आधुनिक रीत अमेरिकेत रुजली. १९७३ साली बफेलो येथील फुटबॉलच्या नव्या मैदानाला 'रिच' नामक खाद्यपदार्थांच्या कंपनीचे नाव पंचवीस वर्षांसाठी देण्यात आले; किंमत पंधरा लाख डॉलर. पुढे हे लोण सर्वत्र पसरले. त्यातला बोधप्रद दाखला ह्यूस्टन शहराचा. तेथील बेसबॉलच्या मैदानाशी एन्रॉन कंपनीने १९९९ साली तीस वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा करार केला. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव मराठी घराघरांत पोहोचलेले होते, हे वाचकांना स्मरत असेलच. २००१ च्या डिसेंबरात त्या कंपनीने दिवाळे काढले. बुडीत कंपनीची पाटी मिरवणे संघाला नकोसे झाले. परंतु करार तर झालेला! अखेर संघाने सुमारे एकवीस लाख डॉलर मोजून आपल्याच मैदानाचे नाव परत विकत घेतले. नाव विकून आलेला पैसा नाव सोडवून घेण्यातही खर्ची पडतो, हे त्या संघाला असे कळले.

कोणी म्हणेल, ही परदेशची गोष्ट झाली. म्हणून आता पुण्याकडे येऊ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने मैदान बांधले. मायकेल हॉपकिन्स यांच्या संस्थेने त्याची रचना केली आणि २०१२ साली ते खुले झाले. नेहरू स्टेडियमच्या लाकडी बाकांवर वाढलेल्या पुणेकरांना ते पाहून धन्यता वाटली. नाव देण्यात आले 'सुब्रत रॉय सहारा स्टेडियम'. या नावासाठी सहारा समूहाने दोनशे कोटींच्या घरातील रक्कम द्यावयाची होती. ठरलेले पैसे पुरते आले नाहीत. वाद झाला, पाटी झाकली गेली, आणि मैदान पुन्हा असोसिएशनच्या नावाने ओळखले जाऊ लागले. २०१७ साली तेथे पहिली कसोटी झाली, तेव्हा ते जुने नाव निघालेले होते. ज्या भूमीत प्रो. दि. ब. देवधरांसारखा खेळाडू झाला, तेथील मैदानाला देवधरांचे नाव का सुचू नये, असा प्रश्न आमच्या मनात तेव्हा आला होता. उत्तर सोपे आहे. देवधरांच्या नावाने दोनशे कोटी येत नाहीत. आणि मैदान बांधताना झालेले कर्ज तर फेडावयाचे असते. असोसिएशनला आम्ही दोष देत नाही. तिचा हिशेब चुकला, तो माणूस ओळखण्यात नव्हे, तर नाव ही वस्तू उधारीवर देण्यात.

आपल्या राजधानी परिसरातही हा व्यापार पोहोचला आहे. गुरुग्रामची रॅपिड मेट्रो २०१३ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या स्थानकांची नावेच कंपन्यांना देण्यात आली होती. 'इंडसइंड बँक सायबर सिटी', 'मायक्रोमॅक्स मौलसरी अॅव्हेन्यू', 'व्होडाफोन बेल्वेडेर टॉवर्स' अशा उद्घोषणा प्रथम ऐकल्या, तेव्हा आपण स्थानकावर आहोत की बाजारात, असा संभ्रम पडला होता. पण त्याचबरोबर हेही खरे, की गाडी वेळेवर येत होती आणि भाड्याखेरीज उत्पन्नाचे साधन कोणत्याही रेल्वेला लागतेच. ज्यांना रोज त्या गाडीने कचेरीत जावयाचे, त्यांनी नावाविषयी तक्रार केल्याचे आम्ही ऐकले नाही.

आता आमच्या जिव्हाळ्याच्या मैदानाकडे वळतो. दिल्लीतील मराठी माणसाला फिरोजशाह कोटला परके नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये दिल्लीतील पहिली कसोटी येथे झाली आणि वेस्ट इंडीजच्या ६३१ धावांना उत्तर देताना पुण्याच्या हेमू अधिकारींनी नाबाद ११४ धावा काढल्या. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतील ते एकमेव शतक. १९५२ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्याच अधिकारींनी गुलाम अहमद यांच्यासह शेवटच्या जोडीसाठी १०९ धावांची भर घातली. ऑक्टोबर १९८३ मध्ये सुनील गावसकरांनी येथेच एकोणतिसावे शतक करून ब्रॅडमन यांची बरोबरी केली. आणि १० डिसेंबर २००५ रोजी सचिन तेंडुलकरांनी पस्तिसावे शतक करून गावसकरांना मागे टाकले, तेही येथेच. दादर-माटुंग्याच्या गल्ल्यांतून निघालेला हा वारसा एका हातातून दुसऱ्या हाती गेला, तो यमुनेच्या काठी.

आम्ही दिल्लीस आलो ते नव्वदीच्या दशकात. ७ फेब्रुवारी १९९९ हा दिवस रविवार होता, म्हणून रजेचा अर्ज करावा लागला नाही. लक्ष्मीबाईनगरातील आम्ही चौघे मराठी शेजारी डब्यात पोळी-भाजी घेऊन कोटल्यावर गेलो आणि अनिल कुंबळे यांनी एका डावात पाकिस्तानचे दहाही गडी बाद केलेले डोळ्यांनी पाहिले. परतताना आम्ही रिक्षावाल्याला 'कोटला' एवढेच सांगितले होते की काय, असे घरी विचारले गेले. कारण आनंदाच्या भरात आमच्यापैकी एकाचा डबा मैदानावरच राहिला होता. त्या चौघांपैकी दोघे आज हयात नाहीत.

अरुण जेटली यांचे २४ ऑगस्ट २०१९ रोजी निधन झाले. दिल्लीच्या क्रिकेट संघटनेचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते. १२ सप्टेंबर २०१९ रोजी स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. येथे पैशाचा व्यवहार नव्हता. वानखेडे यांच्याप्रमाणेच संघटनेच्या धुरीणाचे ते स्मारक होते. संघटनेने त्या वेळी असाही खुलासा केला, की नाव स्टेडियमला दिले आहे, मैदान फिरोजशाह कोटला हेच राहील. या खुलाशाने काहींचे समाधान झाले, काहींचे झाले नाही. आम्हांस मात्र तो वाचून आपल्याकडील एका शब्दाची आठवण झाली.

'नामांतर' हा शब्द मराठी माणसाला हलका नाही. १९७८ साली राज्याच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. तो प्रत्यक्षात यावयास १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात घरे जळली, माणसे प्राणांस मुकली. अखेर मार्ग निघाला तो 'नामविस्ताराचा': जुने नाव राहिले, त्याच्या आधी नवे नाव आले. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमला ध्यानचंद यांचे नाव जोडले गेले, तोही नामविस्तारच. नावासाठी माणसे प्राण देतात, याचा अर्थ नाव ही केवळ पाटी नसते. ज्याला शतकानुशतके दारात उभे राहू दिले नाही, त्याचे नाव दारावर लागणे ही न्यायाची गोष्ट असते. अशा नावाची आणि करारातल्या नावाची तुलनाच होऊ शकत नाही.

मग आमच्या पाहण्यात मैदानांची नावे तीन वाटांनी येतात असे दिसते. काही सत्तेने येतात, काही पैशाने, काही कर्तृत्वाच्या स्मरणाने. सत्तेने आलेले नाव सत्ता गेली की जाण्याचा संभव असतो. आयर्विन गेले, ब्रेबोर्न राहिले, याला नियम नाही. पैशाने आलेले नाव मुदतीपुरते. स्मरणाने आलेले नावही टिकेलच असे नाही. कारण लोकांची जीभ स्वतंत्र असते. १९९५ साली कॅनॉट प्लेसचे नाव बदलले, पण आजही आपण 'सीपी'लाच जातो. तेथून जवळच हॉकीचे शिवाजी स्टेडियम आहे. छत्रपतींचे नाव राजधानीच्या मध्यभागी आहे, याचा आम्हां सर्वांना अभिमान. परंतु २०११ साली विमानतळाकडे जाणारी मेट्रो सुरू झाल्यापासून दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलांच्या लेखी 'शिवाजी स्टेडियम' हे सामान घेऊन उतरावयाचे स्थानक आहे. आत हॉकीचे मैदान आहे, हे त्यांना सांगावे लागते. नाव लावल्याने काम संपत नाही, ते सांगत राहावे लागते, हा त्यातला धडा.

एक दाखला शेवटी मुद्दाम राखून ठेवला आहे. यमुनेकाठच्या ज्या संकुलातले मोठे क्रीडागार १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी 'इंद्रप्रस्थ' म्हणून ओळखले गेले आणि ज्याला पुढे इंदिरा गांधींचे नाव मिळाले, त्याच आवारात कुस्तीचे एक सभागार आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी ते बांधले गेले आणि त्याला नाव देण्यात आले खाशाबा दादासाहेब जाधव यांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक स्पर्धेतील ते पहिले ऑलिंपिक पदक. गावात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली अपघाताने गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. राजधानीत त्यांचे नाव लागले, ते पदकानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

पण आमचे लक्ष त्या कथेतल्या दुसऱ्याच एका माणसाकडे जाते. हेलसिंकीला जावयास पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तरी भागेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. त्या पैशाच्या बदल्यात त्यांनी कोठे पाटी मागितली नाही. दोनशे कोटींचे नाव गहुंजेला झाकावे लागले, आणि सात हजारांच्या त्या गहाणखताची गोष्ट सत्तर वर्षांनंतरही कोल्हापूर-साताऱ्याकडे आजोबा नातवाला सांगतात. आम्ही मुलांना घेऊन ते सभागार पाहावयास गेलो, तेव्हा दारावरचे नाव त्यांनी वाचले; भिंतीवर नसलेले नाव आम्हांस सांगावे लागले.

आता आपल्या सभागृहाविषयी. टिपणाच्या अखेरीस अभिप्राय द्यावा लागतो, तो असा. कंपनीची देणगी कृतज्ञतेने स्वीकारावी आणि प्रवेशद्वाराच्या आत शिलालेखावर दात्याचे नाव, रक्कम, वर्ष व प्रयोजन कोरावे. भावनगरच्या महाराजांना राजधानीने जे दिले नाही, ते आपण द्यावे. सभागृहाचे नाव मात्र विकू नये. सभेला तसेच ठरवावेसे वाटले, तर निदान मुदत लिहून घ्यावी, रक्कम आधी घ्यावी आणि मुदत सरल्यावर कोणते नाव परत येणार, हेही त्याच कागदावर असावे. उधारीवर नाव देऊ नये.

आणि दुसरी सूचना अधिक निकडीची आहे. पन्नास वर्षांपूर्वी सायकलवरून करोलबाग ते सरोजिनीनगर हिंडून ज्यांनी वर्गणी जमविली, त्या मंडळींची पुरती यादी आज मंडळाच्या दप्तरात नाही, आम्ही शोधली. जी नावे सापडतात, ती दोन-चार वृद्धांच्या स्मरणात आहेत. या हिवाळ्यातच त्यांच्या घरी जाऊन ती उतरवून घ्यावीत. नव्या छताखाली पहिला शिलालेख त्यांचा असावा, मग कंपनीचा. हे काम करावयास आम्ही तयार आहोत. कोणी तरुण सोबत आला तर बरे, कारण त्या वयोवृद्धांपैकी काहींना आता ऐकू कमी येते आणि आमचा आवाजही पूर्वीसारखा राहिलेला नाही.

राहता राहिला प्रश्न, कंपनीने ही अट मान्य केली नाही तर काय? तर छत आपणच करू, थोडे हळू होईल. या निधीसाठी आमचा एक महिन्याचा पगार आम्ही खजिनदारांकडे दिला आहे. त्याची पाटी नको. पावती मात्र वेळेवर मिळावी.